तसूतसूनं मोठा झालेला झंपर

चैत्र लागला की बडोद्यात, गोत्रीतल्या आमच्या सोसायटीत आधी गच्च्यांवर वाळवणं येतात, मग कैऱ्या येतात आणि त्यांच्या पाठोपाठ नलूची तक्रार येते. नलू माझी भाची, थोरल्या भावाची मुलगी. पन्नाशी ओलांडली, शाळेत गणित शिकवते, पण उन्हाळ्यापुढे अजून लहान मुलासारखी कुरकुरते. "आत्या, गरमीत हे फिटिंगवालं नाही सहन होत. जरा खुल्लं पाहिजे," असं म्हणत तिनं परवा फरशीवर खाकी कागद पसरला, मासिकातला ब्लाऊजचा नमुना शेजारी उघडून ठेवला आणि टेप घेऊन गुडघ्यावर बसली. मी पलंगावरून बघत होते. कागदावर पेन्सिल सरकताना जो खर्रखर्र आवाज होतो ना, तो कानावर पडला आणि मला एकदम घडियाळी पोळीतली, त्या जुन्या चिंचोळ्या गल्लीतली आमची माडी दिसायला लागली. तिथली अर्धी लोटलेली खिडकी, पाणी मारलेला वाळ्याचा पडदा, आणि कागदावर ओणवी झालेली मी. वय तेरा, आणि शिवणात वर्गात पहिली असल्याचा केवढा तोरा!

नलूला तो उन्हाळा ठाऊक नाही. तशी ती तेव्हा होती, पण कुणाला कळू न देता होती.

ते महाराजांच्या राज्याचे शेवटचे दिवस, अर्थात शेवटचे हे आता म्हणायचं. महाराजांच्या हुकमानं मुलींना शाळा सक्तीची होती आणि शाळेत शिवणही होतं, त्यामुळे आमच्या आईच्या मते सरकारनं केलेल्या कामांपैकी निदान एक तरी उपयोगाचं होतं. दादा कचेरीत कारकून होता. घरात आम्ही चौघंच, आई, दादा, वहिनी आणि मी. वहिनी एकोणीस-वीस वर्षांची, उंच, सावळी, बोलायला हळू आणि हसायला त्याहून हळू. मला ती रिवाजाप्रमाणे 'वन्सं' म्हणायची, 'अहोजाहो' करायची. एवढ्या मोठ्या बाईनं आपल्याला अहोजाहो केलं की तेराव्या वर्षी अंगावर मूठभर मांस चढतं.

बडोद्याचा उन्हाळा तेव्हाही असाच कडक होता, फक्त पंखा हातात धरायचा असे. पोळीतली घरं भिंतीला भिंत लावून उभी, वारा आत शिरायचा तर कुणाला तरी विचारून शिरल्यासारखा. त्यात बायकांच्या अंगात खणाच्या चोळ्या, दंडाला रुतणाऱ्या, पुढे गच्च गाठ मारलेल्या. दुपारी चोळी सोडली की दंडावर शिवणीचा लाल वळ उठलेला दिसायचा आणि पाठभर घामोळं. आई म्हणायची, "चोळी अंगाला बसली पाहिजे, नाहीतर पोतं काय वाईट?" शाळेत येणाऱ्या काही नव्या बाया झंपर घालायच्या, सैल, कमरेपर्यंत येणारे. आई त्यांच्याकडे बघून पदर तोंडाशी धरायची.

आणि त्याच आईनं एका दुपारी मला माडीवर बोलावून सांगितलं, "कुसुम, वहिनीला झंपर शिवायचा. घरीच. तू शिवायचास."

मी बघतच राहिले. तेव्हा तिनं दार लोटून घेतलं आणि सरळ सांगून टाकलं. "तिला दिवस गेलेत. चोळीची गाठ बसेनाशी झालीये. शिंप्याकडे यंदा काही टाकायचं नाही. हे तुझ्या पोटात राहू दे. तोंडातून अक्षर गेलं तर बघ."

शिंप्याकडे का नाही, हे मला विचारावं लागलं नाही. पोळीच्या तोंडाशी मगनभाईंचं दुकान होतं. भला माणूस, हात सोन्यासारखा. त्यांच्याकडे बायकांची मापं घेण्याचा रिवाज नव्हता. जुनी चोळी न्यायची, तिच्यावरून ते नवी बेतायचे. माप वाढवायचं असलं तर तोंडानं सांगायचं, 'दोन बोटं वाढवा.' नव्या लग्न झालेल्या बाईच्या चोळीला दोन बोटं वाढवा म्हटलं की मगनभाई चष्म्यावरून बघायचे, गालात हसायचे आणि आत बटणं लावत बसलेल्या बायकोला, रेवाबेनला, हाक मारायचे. तेवढ्यावर काम भागायचं. संध्याकाळपर्यंत पोळीत कुणाला कळायचं राहत नसे. त्यात दुष्टावा काहीच नव्हता, उलट आनंदच होता. पण बातमी ती बातमीच.

वहिनीच्या बाबतीत ही बातमी आधी दोनदा पोळभर फिरली होती. दोन्ही वेळा बायका हसत हसत आल्या, कुणी कैऱ्या आणल्या, कुणी चिंच, कुणी मुलगा होणार म्हणून पैज लावली. आणि दोन्ही वेळा चौथा महिना सरायच्या आत सगळं संपलं. मग त्याच बायका परत आल्या, पदर नीट करून बसल्या आणि विचारायला लागल्या. कसं झालं गं? घागर उचललीस का? जिना धावत उतरलीस का? पपई खाल्लीस का? प्रत्येकीला सगळं पहिल्यापासून हवं असे. वहिनी भिंतीला टेकून बसायची आणि प्रत्येकीला उत्तर द्यायची. तिला आई नव्हती, माहेरी जाऊन पडावं असंही नव्हतं. दुसऱ्या खेपेनंतर ती कितीतरी दिवस ओट्यावर बसली नाही. आईला ती एकदाच म्हणाली, मी ऐकलंय, "सासूबाई, दुःख सोसतं मला. सांगणं नाही सोसत."

आईला गोड बोलता यायचंच नाही. पण ऐकलेलं ती विसरत नसे, हे मला त्या दुपारी कळलं.

कापड दादानं मांडवीच्या बाजारातून आणलं. पांढरी वायल, त्यावर मोहरीएवढे निळे ठिपके. नमुना वहिनीनं शोधला. पोळीजवळच्या बायकांच्या वाचनालयात पुण्याकडची मासिकं यायची, त्यातल्या एकात 'उन्हाळी झंपर' म्हणून तळहाताएवढी आकृती होती, तिच्या कडेकडेनं इंचांचे आकडे. ते बघून मोठ्या कागदावर तसंच्या तसं काढायचं, कापायचं, कापडावर ठेवायचं. शाळेत मी हे केलं होतं. मात्र शाळेला सुट्टी होती आणि टेप शाळेच्या कपाटात कुलपात होती. घरात होता आजोबांच्या वेळचा लाकडी गज, टोकांना पितळी टोप्या, आणि अंगावर तसूंच्या खाचा. आई पडदे, पलंगपोस, उशांचे अभ्रे सगळं त्यावरच मोजायची. शाळेत इंच म्हणतात, घरात तसू म्हणतात, वस्तू एकच, असं मी धरून चालले. बाईंना गुरुजी मास्तरीण म्हणायचे आणि आम्ही बाई म्हणायचो, त्यातलंच हे.

दुपारी जेवणं आटोपली की आम्ही माडीवर जायचो. वहिनी मासिक मांडीवर घेऊन आकडे सांगायची आणि मी गज ठेवून खुणा करायची. जुनी वर्तमानपत्रं खळीनं एकमेकांना चिकटवली होती, त्यामुळे झंपराच्या पाठीवर लिलावाच्या जाहिराती आणि बाहीवर कुठल्याशा सभेचा वृत्तान्त आला होता. "छाती," वहिनी म्हणायची, "खांदा. मुंढा." मुंढा म्हणजे बाही बसते ती गोलाई. ती मला शाळेतही नीट यायची नाही, पण हे मी तिला कळू दिलं नाही. मशीन शेजारी कुणाकडे तरी मिळालं असतं, पण ते मागायचं म्हणजे सांगणं आलं. शिवाय भिंतीपलीकडे मशीनचा खडखडाट गेला असता. म्हणून सगळं हातानं. धावदोरा, त्यावर उलटी टीप, कडेला तुरपाई. वहिनी बाह्या तुरपायची, मी कूस, म्हणजे बगलेखालची शिवण, जोडायची. घामानं सुई बोटातून निसटायची, आम्ही ती परकराला पुसायचो. मधेच वहिनी थांबायची, डोळे मिटायची, एक हात पोटाकडे न्यायची. माझीही सुई मग तिथेच थांबायची. ती डोळे उघडून मान हलवायची, म्हणजे काही नाही, आणि आम्ही पुन्हा शिवायला लागायचो. त्या मान हलवण्यावर माझा त्या उन्हाळ्यातला सगळा जीव टांगलेला होता.

झंपर झाला. वहिनीनं तो डोक्यातून घातला.

खांद्याची शिवण दंडाच्या अर्ध्यावर आलेली. बाह्या कोपराखाली. बगलेत एवढी जागा की तिथे कबुतरानं घरटं करावं. कापलेलं कापड काही परत जुळत नाही, आणि असली वायल दादा पुन्हा कुठून आणणार? मला रडू फुटलं. तोंडाला लावायला पदर नव्हता म्हणून कागदी नमुनाच तोंडावर धरला.

वहिनीनं खाली पाहिलं, दोन्ही हात पसरून पाहिले, एकदा गोल फिरली. मग तिनं श्वास घेतला. नुसता श्वास घेतला, पण असा खोल, पोटापर्यंत जाणारा, की तो मला दिसला. कित्येक दिवसांत तिला तसा घेताच आला नसावा. "सुटले गं बाई," ती म्हणाली. मला तिनं 'गं' म्हटलेलं ते पहिलंच. मी म्हटलं, "मी कुशीची शिवण आत घेते, वहिनी. उद्या उसवून नीट करते." तशी तिनं झंपर दोन्ही हातांनी अंगाशी धरला. "हात लावू नका हो वन्सं. असाच हवाय मला."

ही ढगळाई आली कुठून, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. दादा म्हणाला, "पुण्याकडच्या बायका धिप्पाड असतील, त्याला तुम्ही काय करणार?" पुढे शाळा उघडल्यावर मी टेप मागून आणली आणि गजाशेजारी ठेवली, तेव्हा उजेड पडला. आमच्या गुजराती गजाचा तसू इंचापेक्षा चांगला जाडजूड होता. एकेका तसूनं थोडं थोडं जास्त दिलं आणि झंपर सगळ्या अंगानं वाढत गेला होता. वहिनी म्हणाली, "तुमचा तसू उदार आहे हो." तो गज अजून माझ्याकडे आहे. खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून अडसर लावते. नलूनं परवा तो पायानं बाजूला सारला, कागद पसरायला आड येत होता.

मोकळा कपडा अंगात असला की माणूस बसतंही वेगळं. झंपर घातल्यापासून वहिनी जिन्यात मधल्या पायरीवर बसून पोळ्यांची कणीक मळायला लागली, अगाशीत, वरच्या गच्चीवर, गव्हले करता करता गुणगुणायला लागली. घामोळं गेलं. संध्याकाळी वारा सुटला की झंपर तिच्या पाठीवर फुगायचा आणि निळे ठिपके हलायचे. आई तिच्याकडे बघायची आणि म्हणायची, "अगदी पोतं." पण आता ते म्हणताना ती पदर तोंडाशी धरत नसे.

आणि मग जिजीमावशींकडून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं.

जिजीमावशी आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहायच्या. बाई मायाळू, पण डोळे असे की सुईणीच्या आधी त्यांना कळायचं. कुणाची चाल बदलली, कुणाला कढीचा वास सोसेना, त्यांच्या नजरेतून सुटत नसे. न जावं तर शंका, जावं तर नजरा. आई म्हणाली, "जायचं. झंपर घालून जायचं. आणि आंबट मागून खायचं नाही."

गौर पाळण्यात बसवलेली, पुढे कलिंगडाची कमळं, करंज्या, भिजवलेल्या हरभऱ्यांचं घमेलं. हाताला चंदनाचा लेप, गुलाबपाणी. घामाचा, कैरीचा आणि मोगऱ्याचा मिळून एक वास, जो आजही मला कुठे आला की मी तेरा वर्षांची होते. आम्ही आत शिरलो आणि बायकांचं बोलणं थांबलं. सगळ्यांचे डोळे त्या झंपरावर. मग जिजीमावशी हसायला लागल्या, आणि त्या हसल्या की खोलीच हसायची.

"अगं बाई, हे काय घातलंयस? कुणी शिवलं?"

"आमच्या वन्संनी," वहिनी म्हणाली.

"कुसुमनं? शिवणात पहिली ना गं तू? अगं, ही बाही आहे का उशीचा अभ्रा? यात तुम्ही नणंद-भावजय दोघी मावाल!"

पुन्हा हशा. माझे कान तापले. वर्गातल्या दोन मुली तिथे आयांबरोबर आल्या होत्या, त्याही खिदळत होत्या. जिभेवर एक वाक्य आलं, 'मुद्दाम मोठा शिवलाय!' अगदी ओठापर्यंत आलं. ते म्हटलं असतं तर माझी अब्रू वाचली असती. पण पुढचा प्रश्न ठरलेला होता, मुद्दाम का गं? आणि तो जिजीमावशींनी विचारला असता. मी वहिनीकडे पाहिलं. ती हसत होती, सगळ्यांबरोबर, पण तिची बोटं झंपराच्या काठाला घट्ट धरून होती. मी ते वाक्य आंब्याच्या डाळीबरोबर गिळलं. वहिनीनं तिची डाळही हळूच माझ्याकडे सरकवली होती, तिला किती खावीशी वाटत होती ते मला माहीत होतं. दोन वाट्या डाळ खाल्ली मी, आणि डोळ्यांतून पाणी आलं. कैरी आंबट होती, असं मी सांगितलं.

एक खरं, कुणी वहिनीकडे पाहिलंच नाही. झंपर इतका विचित्र होता की डोळे त्याच्यावरच थांबत होते. तिचा भरलेला चेहरा, जपून उठणं, कुणाच्या ध्यानात आलं नाही. परत येताना पोळीत तिनं माझा हात धरला. घरी येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही, कारण काहीच घडलं नाही, आणि काही घडू नये एवढंच आम्हाला हवं होतं. वहिनी सकाळी उठली की आई तिच्या तोंडाकडे बघायची, आणि मी आईच्या. आई चुलीकडे वळली की मला कळायचं, ठीक आहे. आज या वयात मला पुष्कळ मोठमोठ्या सुखांची नावं घेता येतील, पण एखाद्या बाईनं शांतपणे चुलीकडे वळावं, यासारखं सुख मला फार वेळा मिळालेलं नाही.

चौथा महिना गेला. वैशाख गेला. ज्येष्ठात एका सकाळी आईनं पेटीतून वहिनीची जुनी खणाची चोळी काढली आणि माझ्या हातात दिली. "मगनभाईंकडे टाकून ये. चार बोटं वाढवायला सांग."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "आई, पण झंपर आहे की."

"झंपर राहू दे. तू जा. आणि खाली मान घालून जाऊ नकोस."

माझ्या मागे वहिनी जिन्यात उभी होती. तिचा तोच खोल श्वास मला ऐकू आला.

मी पोळीतून चालत गेले. एरवी धावायची, त्या दिवशी चालले. मगनभाई मशीनवर होते. मी चोळी फळीवर ठेवली. "वहिनीची आहे. वाढवायची."

"केटलुं, बेन? किती बोटं?"

"चार बोटं."

मशीनचं चाक त्यांनी हातानं धरून थांबवलं. चष्मा वर केला. चोळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला. पण हाक मारायच्या आधी ते क्षणभर थांबले, हळूच म्हणाले, "सारूं छे ने? बधू बराबर?" मी म्हटलं, "सगळं बरोबर." मग त्यांनी आत तोंड करून अशी हाक मारली, "रेवा!" की समोरच्या ओट्यापाशी बसलेली गाय दचकली.

मी घरी पोचले तेव्हा आमच्या ओट्यावर बायका जमलेल्या होत्या. कुणाच्या पदरात कैऱ्या, कुणाच्या हातात चिंचेचा गोळा. जिजीमावशी मधोमध बसलेल्या. वहिनी दारातून बाहेर आली, तो निळ्या ठिपक्यांचा झंपर घालून, आणि कितीतरी दिवसांनी ओट्यावर त्यांच्यात बसली. जिजीमावशींनी तिला वरून खालून न्याहाळलं. मग त्यांची नजर झंपरावर गेली, तिथे जराशी थांबली, आणि हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी सुटली.

"अस्सं! म्हणजे कुसुमे, हा झंपर..."

"मुद्दाम मोठा शिवला होता!" मी म्हणून टाकलं. इतके दिवस गिळून ठेवलेलं ते वाक्य असं खणखणीत बाहेर आलं की मलाच खरं वाटलं.

आई दारात होती. तिनं पदर तोंडाशी नेला. मी वहिनीकडे बघितलं. तिनं हातातल्या कैरीचा एक मोठा लचका तोडला, सगळ्यांसमोर, डोळे मिटून, आणि म्हणाली, "तर! आमच्या वन्संचं माप कधी चुकत नाही."